न्हाणीघरातील दुर्गंधी

न्हाणीघरातील दुर्गंधी म्हणजे घरातील स्नानाच्या जागेत निर्माण होणारा अथवा सांडपाण्याच्या नळातून तेथे शिरणारा आणि टिकून राहणारा अप्रिय वास होय. या वासाचे प्रमुख उगम चार आहेत : सांडपाण्याच्या नळातील वायू, मोरीच्या जाळीखाली साचलेला मळ, भिंती व लाद्यांच्या सांध्यांत वाढलेली बुरशी आणि ओली राहणारी वस्त्रे. क्वचित प्रसंगी नळाने येणाऱ्या पाण्यालाच वास असतो. प्रत्येक उगमावरील उपाय निराळा आहे. त्यामुळे सुगंधी द्रव्यांनी वास झाकण्याऐवजी त्याचे मूळ शोधून काढणे, हे दुर्गंधीनिवारणाचे मुख्य तत्त्व मानले जाते. बहुसंख्य घरांत ही समस्या केवळ गैरसोयीची असते. तथापि, सांडपाण्याच्या नळातील हवा घरात शिरत असल्याची ती खूणही असू शकते. शिवाय ती घालवण्यासाठी वापरलेली रसायने चुकीच्या पद्धतीने एकत्र आल्यास प्राणघातक वायू तयार होऊ शकतो.

व्युत्पत्ती व संज्ञा

‘न्हाणे’ हे क्रियापद संस्कृत ‘स्ना’ या धातूपासून प्राकृत ‘ण्हा’ या रूपाच्या द्वारे मराठीत आले आहे. न्हाण्याची जागा ती न्हाणी व तिच्यासाठी बांधलेली खोली ते न्हाणीघर. ‘मोरी’ हा शब्द स्नानाची, हातपाय धुण्याची अथवा भांडी घासण्याची जागा आणि सांडपाणी वाहून नेणारी नाली अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. न्हाणीघराच्या जमिनीत बसवल्या जाणाऱ्या आणि पाणी धरून ठेवणाऱ्या साधनास भारतीय बांधकाम व्यवसायात ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. न्हाणी हा देशी शब्द या संज्ञेद्वारे अभियांत्रिकीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांतही रूढ झाला आहे.

जलबंध व त्याचे कार्य

सांडपाण्याचा नळ एका टोकाला न्हाणीघराला, तर दुसऱ्या टोकाला गटाराला किंवा सेप्टिक टाकीला जोडलेला असतो. पाणी खाली जावे, परंतु गटारातील हवा वर येऊ नये, यासाठी दोहोंच्या मध्ये एक वाकडा अथवा खोलगट भाग ठेवतात. त्यात पाण्याचा थोडा साठा सदैव राहतो. या साठ्यास जलबंध म्हणतात. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार जलबंधाची खोली सामान्यतः किमान ५० मिलिमीटर असावी लागते. घर आणि गटार यांच्यामधला अडसर प्रत्यक्षात एवढ्या पाण्याचाच असतो. जाळी, झाकण किंवा लादी यांपैकी कशानेही वायू पूर्णपणे अडत नाही.

न्हाणीघरात प्रामुख्याने दोन प्रकारचे ट्रॅप आढळतात. पहिल्या प्रकारात नळालाच इंग्रजी ‘पी’ किंवा ‘एस’ अक्षरासारखा बाक दिलेला असतो. दुसऱ्या प्रकारात जाळीखाली एक उलटी वाटी असते व तिची कड पाण्यात बुडालेली असते. दुसऱ्या प्रकारातील वाटी सहज काढता येते. पाण्याचा निचरा जलद व्हावा म्हणून अनेक ठिकाणी ती काढून ठेवली जाते अथवा साफसफाईनंतर परत बसवली जात नाही. वाटी नसली की जलबंध उरत नाही. दुर्गंधीबरोबर झुरळांनाही मग वाट मोकळी होते.

कारणे

जलबंध नाहीसा होणे

वापरात नसलेल्या न्हाणीघरातील जलबंधाचे पाणी बाष्पीभवनाने कमी होत जाते. विदर्भ किंवा मराठवाड्यासारख्या कोरड्या व उष्ण प्रदेशात उन्हाळ्यामध्ये काही आठवड्यांतच तो पूर्ण सुकू शकतो. सुटीहून परतल्यावर बंद घरात येणाऱ्या उग्र वासाचे हे नेहमीचे कारण असते. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले न्हाणीघर, कोरड्या भागातील जमिनीवरची जाळी आणि क्वचितच वापरले जाणारे हात धुण्याचे भांडे यांच्या बाबतीतही हेच घडते.

बहुमजली इमारतींमध्ये आणखी एक कारण संभवते. वरच्या मजल्यावरून एकदम मोठ्या प्रमाणात पाणी खाली आले, की उभ्या नळातील हवेचा दाब काही क्षण बदलतो. दाब कमी झाल्यास खालच्या मजल्यांवरील जलबंधातील पाणी नळात ओढले जाते, तर वाढल्यास नळातील हवा पाण्यातून बुडबुड्यांच्या रूपाने वर येते. अशा वेळी जाळीतून ‘गुडगुड’ असा आवाज ऐकू येतो. दाबातील हा फरक टाळण्यासाठी उभा नळ गच्चीच्या वर नेऊन उघडा ठेवतात. गच्चीची डागडुजी करताना किंवा पत्र्याचे छप्पर घालताना त्याचे तोंड बुजवले गेले, तर अनेक घरांत एकाच वेळी वास येऊ लागतो.

केसांचा गुंता किंवा धाग्याचे टोक ट्रॅपच्या कडेवरून पलीकडे लोंबत असल्यास दिव्याच्या वातीतून तेल चढावे, तसे पाणी त्यातून झिरपते व जलबंध हळूहळू रिता होतो. कपडे धुण्याच्या यंत्राचा नळ जलबंधाला वळसा घालून थेट सांडपाण्याच्या नळात सोडल्यास तेथूनही हवा घरात शिरते.

जाळीखालील मळ

स्नानाच्या पाण्याबरोबर साबण, तेल, त्वचेच्या मृत पेशी व केस वाहून जातात. बोअरवेलच्या जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक असतात. साबणाशी त्यांचा संयोग होऊन पाण्यात न विरघळणारा पांढुरका साका तयार होतो. त्यावर जीवाणू आपल्याच चिकट स्रावात वस्ती करतात. नळाच्या आतील बाजूस हाताला बुळबुळीत लागणारा थर तो हाच. त्यास जैवस्तर म्हणतात. नुसते पाणी ओतून तो निघत नाही. जंतुनाशकही त्याच्या वरच्या पापुद्र्यापलीकडे फारसे पोहोचत नाही.

या थराच्या आतल्या भागात प्राणवायू नसतो. तेथील काही जीवाणू पाण्यातील सल्फेटचे व प्रथिनांतील गंधकाचे रूपांतर हायड्रोजन सल्फाइड या वायूत करतात. केसांतील केराटिन या प्रथिनात गंधकाचे प्रमाण मोठे असते. कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो तो या वायूचा. घामातील व तेलातील घटकांच्या विघटनाने तयार होणाऱ्या आम्लांमुळे त्यात आंबूस छटा मिसळते. याच थरावर मोरीतील बारीक, केसाळ पंखांच्या माश्यांच्या अळ्या जगतात. भिंतीवर अशा माश्या बसलेल्या दिसणे हे जाळीखाली मळ साचल्याचे विश्वसनीय लक्षण आहे.

दिवाळीतील अभ्यंगस्नानानंतर किंवा नेहमी तेल लावून न्हाण्याची सवय असलेल्या घरांत हा थर लवकर जमतो. उटणे, बेसन व शिकेकाई यांची पूड पाण्यात विरघळत नाही. तेलात मिसळून ती ट्रॅपच्या तळाशी बसते.

बुरशी व रंगीत थर

लाद्यांमधील सांधे सच्छिद्र असतात व ओल धरून ठेवतात. कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवेतील आर्द्रता सतत अधिक असल्याने न्हाणीघराच्या भिंती वाळतच नाहीत. अशा जागी काळ्या वा हिरवट बुरशीचे ठिपके उमटतात आणि कोंदट वास येऊ लागतो. बादलीच्या कडेला, साबणाच्या खाचेत अथवा फवाऱ्याच्या पडद्यावर दिसणारा गुलाबी थर मात्र बहुधा बुरशीचा नसून ‘सेराशिया मार्सेसेन्स’सारख्या रंगद्रव्य बनवणाऱ्या जीवाणूंचा असतो. काही सूक्ष्मजीव ‘जिओस्मिन’ हे संयुग निर्माण करतात. पहिल्या पावसानंतर मातीला येणाऱ्या वासातही तेच असते. मोकळ्या अंगणात हवाहवासा वाटणारा हा गंध बंद खोलीत मात्र कुबट भासतो.

ओली वस्त्रे

पंचे, पायपुसणी व आंघोळीसाठी वापरली जाणारी घासणी न्हाणीघरातच वाळत घातल्यास पुरेशी वाळत नाहीत. धुतलेल्या कपड्यांना परत परत येणाऱ्या कुबट वासाचा संबंध ‘मोराक्सेला ओस्लोएन्सिस’ या जीवाणूशी असल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी संशोधनात दाखवून देण्यात आले. हा जीवाणू कोरड्या अवस्थेतही तग धरतो. म्हणूनच वाळल्यावर वास न येणारा पंचा पुन्हा भिजताच घाण वास देऊ लागतो.

पाणी व पाणी तापवण्याची साधने

केवळ गरम पाण्यालाच कुजलेल्या अंड्यासारखा वास येत असेल, तर दोष मोरीत नसून पाणी साठवणाऱ्या विजेच्या गिझरमध्ये असतो. टाकी गंजू नये म्हणून तीत मॅग्नेशियमची कांडी बसवलेली असते. गंधकयुक्त पाणी, ही कांडी आणि कोमट तापमानात वाढणारे जीवाणू एकत्र आले, की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. फवाऱ्याच्या चाळणीत क्षार साचल्यास तेथेही जैवस्तर वाढतो.

उगमाचा शोध

वास कोणत्या वेळी व कोठे येतो, याच्या निरीक्षणातून उगम बहुतेक वेळा घरच्या घरी ओळखता येतो.

• घर काही दिवस बंद राहिल्यानंतर वास आला व पाणी ओतताच तासाभरात गेला, तर जलबंध सुकलेला होता.
• स्नान चालू असताना किंवा लगेच नंतर वास वाढत असेल, तर जाळीखाली मळ साचलेला असतो.
• वरच्या मजल्यावरील पाणी सोडले असता गुडगुड आवाज होऊन वास येत असेल, तर दाबाचे असंतुलन किंवा बुजलेला वायुनळ हे कारण असते.
• वास दिवसभर एकसारखा, कोंदट व भिंतीजवळ अधिक असेल, तर तो बुरशीचा किंवा भिंतीत मुरणाऱ्या गळतीचा असतो.
• नळाचे पाणी पेल्यात घेऊन न्हाणीघराबाहेर नेल्यावरही वास येत असेल, तर तो पाण्याचाच असतो.

एकाहून अधिक जाळ्या असल्यास प्रत्येक जाळी आळीपाळीने प्लॅस्टिकचा जाड कागद व त्यावर ओले फडके ठेवून काही तास झाकतात. जी झाकल्यावर वास थांबतो, ती दोषी ठरते. सर्व जाळ्या झाकूनही वास राहिल्यास कमोड व भिंत किंवा जमीन यांमधील सांधा, तसेच लादीखालील नळाची गळती तपासावी लागते.

न्हाणीघरात गॅसचा गिझर असल्यास विशेष सावधगिरी आवश्यक असते. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा ठळक वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन हे गंधकयुक्त द्रव्य मिसळतात. त्याचा वास सडक्या कोबीसारखा असल्याने तो मोरीचा वास समजला जाण्याचा संभव असतो. अशी शंका आल्यास विजेचे कोणतेही बटण न दाबता दारे-खिडक्या उघडून सिलिंडरची कळ बंद करणे इष्ट असते. याउलट, अपुऱ्या हवेत गॅस जळताना निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. न्हाणीघरात वास येत नाही म्हणून तेथील हवा सुरक्षित आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

निवारण

जलबंध भरणे

न वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक जाळीत आठवड्यातून एकदा दोन-तीन तांबे पाणी ओतणे हा सर्वांत स्वस्त व बहुधा पुरेसा उपाय आहे. घर दीर्घकाळ बंद ठेवायचे असल्यास जलबंध भरून त्यावर चमचाभर खनिज तेल सोडतात. तेलाचा तवंग बाष्पीभवन रोखतो. वाटीच्या प्रकारच्या ट्रॅपमध्ये वाटी जागेवर आहे व तिची कड पाण्यात बुडते आहे, याची खात्री करून घ्यावी लागते.

मळ काढणे

जैवस्तर काढण्याचे प्रमुख साधन रसायन नव्हे, तर घर्षण होय. हातमोजे घालून जाळी व वाटी काढावी, केसांचा गुंता आकड्याने ओढून बाहेर घ्यावा आणि ट्रॅपची आतील बाजू लांब दांड्याच्या कुंच्याने घासावी, हा क्रम रूढ आहे. त्यानंतर गरम पाण्यात विरघळवलेला धुण्याचा सोडा ओततात. सोड्यातील अल्कलीमुळे तेलकट भाग सुटा होतो. आजचे सांडपाण्याचे नळ बहुधा पीव्हीसीचे असतात आणि सुमारे ६० अंश सेल्सिअसपलीकडे ते मऊ पडू लागतात. त्यामुळे उकळते पाणी थेट ओतणे टाळतात.

खाण्याचा सोडा व व्हिनेगर किंवा लिंबाचा रस एकत्र ओतण्याचा घरगुती उपाय लोकप्रिय आहे. या मिश्रणाला येणारा फेस कार्बन डायऑक्साइडचा असतो. त्यामुळे सैल मळ हलण्यास थोडी मदत होते. परंतु आम्ल व अल्कली परस्परांना निष्प्रभ करत असल्याने उरलेल्या द्रवाची स्वच्छ करण्याची शक्ती अल्पच राहते. तेलकट मळासाठी केवळ सोडा आणि क्षारांच्या थरासाठी केवळ व्हिनेगर असा स्वतंत्र वापर अधिक परिणामकारक ठरतो. फवाऱ्याची चाळणी काढून व्हिनेगरमध्ये काही तास बुडवून ठेवल्यास तिच्या छिद्रांतील क्षार विरघळतात.

बुरशी घालवणे

लाद्यांच्या सांध्यांवर सौम्य विरंजक द्रावण लावून सुमारे १० मिनिटांनी घासून धुतात. बाजारात मिळणारे साधारण ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट वापरल्यास त्याचा एक भाग व पाण्याचे नऊ भाग असे प्रमाण ठेवतात. ग्रामीण महाराष्ट्रात पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणासाठी वापरली जाणारी टीसीएल पावडर हाही विरंजकाचाच एक प्रकार आहे. ओल कायम राहिल्यास बुरशी पुन्हा येते. त्यामुळे गळती बंद करणे व हवा खेळती ठेवणे याला पर्याय नाही.

वायुवीजन व कोरडेपणा

स्नानानंतर जमिनीवरील पाणी रबरी पट्टीच्या झाडूने जाळीकडे ओढणे, दार व खिडकी उघडी ठेवणे आणि पंचे उन्हात वाळवणे या सवयींमुळे बुरशी व कुबट वास दोन्ही कमी होतात. हवा बाहेर टाकणारा पंखा बसवल्यास बाहेरची हवा आत येण्यासाठी दाराखाली फट किंवा झरोका असावा लागतो. तसे नसल्यास पंखा हवेसाठी मोरीचाच मार्ग धरतो व सुकलेल्या जाळीतून गटारातील हवा आत ओढून घेतो.

गिझर

साठवणीच्या गिझरमधील पाणी काही तास ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापवून ते पूर्णपणे सोडून दिल्यास जीवाणू नष्ट होतात. गरम पाण्याने भाजण्याचा धोका असल्याने हे काम मुले जवळ नसताना करतात. वास परतल्यास तज्ज्ञाकडून मॅग्नेशियमची कांडी बदलून घेतली जाते.

रसायनांच्या वापरातील धोके

दुर्गंधी न गेल्यास एकामागून एक निरनिराळी द्रव्ये ओतण्याचा मोह होतो. घरगुती अपघातांचे हे एक गंभीर कारण आहे.

• विरंजक व आम्ल : संडास स्वच्छ करण्याच्या अनेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते विरंजकाशी मिसळल्यास क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो. लहान व बंद न्हाणीघरात त्याने श्वसनमार्गाला तीव्र इजा होऊन मृत्यूही ओढवू शकतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली हाच वायू शस्त्र म्हणून वापरला गेला होता. व्हिनेगर व लिंबाचा रस हीदेखील आम्लेच आहेत.
• विरंजक व अमोनिया : काच पुसण्याच्या काही द्रवांत अमोनिया असतो. मूत्राच्या विघटनातूनही तो तयार होतो. विरंजकाशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइन हे दाहक वायू निर्माण होतात.
• नळ मोकळा करणारी पूड : यांतील बहुतेक पुडींत कॉस्टिक सोडा असतो. पाण्याशी संयोग होताना मोठी उष्णता निर्माण होऊन द्रव उसळतो व डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते.
• डांबराच्या गोळ्या : मोरीत नॅप्थॅलिनच्या गोळ्या टाकण्याची प्रथा सर्वत्र आढळते. त्यांनी वास झाकला जातो, पण जैवस्तर हटत नाही व जलबंधही भरत नाही. नॅप्थॅलिन विषारी असून जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या व्यक्तींत, विशेषतः अर्भकांत, त्यामुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटू शकतात.
• फिनेल : याचा उपयोग जमीन पुसण्यासाठी होतो. जाळीखालील मळ न काढता ते ओतल्यास परिणाम तात्पुरता राहतो.

आम्लामुळे वास्तूचेही नुकसान होते. जुन्या घरांच्या मोऱ्यांत वापरलेली शहाबादी फरशी ही चुनखडीची असते, तर संगमरवरही रासायनिकदृष्ट्या त्याच जातीचा असतो. आम्लाने दोन्ही विरघळतात. लाद्यांच्या सांध्यांतील सिमेंट झिजून पाणी खाली मुरू लागते आणि त्या ओलीतून नवी दुर्गंधी उद्भवते. सेप्टिक टाकी असलेल्या घरांत विरंजक अतिप्रमाणात वापरल्यास टाकीतील मैला कुजवणारे उपयुक्त जीवाणू मरतात व वास वाढतो.

आरोग्याशी संबंध

हायड्रोजन सल्फाइडचा वास दशलक्ष भागांत एका भागाहून पुष्कळ कमी प्रमाण असतानाही जाणवतो. घरात आढळणारे त्याचे प्रमाण सामान्यतः एवढेच अल्प असते. मात्र प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे १०० पर्यंत पोहोचल्यावर घ्राणेंद्रिय बधिर होते व वास येईनासा होतो. गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरणाऱ्या कामगारांच्या मृत्यूंमागे हे एक कारण असते. आत शिरताना जाणवलेला वास थोड्याच वेळात नाहीसा होतो आणि धोका टळल्याचा भास होतो. न्हाणीघरातील वासाचा उगम सेप्टिक टाकीत आढळल्यास टाकीत माणूस उतरवणे कायद्याने व व्यवहाराने दोन्ही दृष्टींनी अयोग्य आहे. ‘हाताने मैला उचलणाऱ्या कामगारांच्या सेवायोजनास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन’ यासंबंधीच्या २०१३ च्या केंद्रीय अधिनियमाने संरक्षक साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टाकी साफ करवून घेण्यास मनाई केली आहे. हे काम शोषणयंत्र बसवलेल्या टँकरने करून घेता येते.

सुकलेल्या जलबंधाचे गांभीर्य २००३ साली हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या निवासी संकुलात दिसून आले. सार्स या श्वसनरोगाची लागण तेथील ३०० हून अधिक रहिवाशांना झाली व त्यांपैकी ४२ जण मरण पावले. तेथील बरेच रहिवासी न्हाणीघराची जमीन पाण्याने न धुता पुसून घेत असत. त्यामुळे जमिनीवरील जाळ्यांखालचे जलबंध सुकले होते. न्हाणीघरातील पंखे चालू असताना सांडपाण्याच्या उभ्या नळातील दूषित तुषार घरांत ओढले गेले असावेत, असा निष्कर्ष तपासात काढण्यात आला.

बुरशीच्या बीजाणूंमुळे दमा व अॅलर्जी असलेल्यांचा त्रास वाढू शकतो. फवाऱ्याच्या चाळणीत व कोमट पाण्याच्या टाकीत वाढणारा लिजिओनेला हा जीवाणू सूक्ष्म तुषारांवाटे फुप्फुसांत जाऊन न्यूमोनिया घडवू शकतो. त्याला स्वतःचा असा वास नसतो.

इतिहास

सिंधू संस्कृतीतील मोहेंजोदडो या नगरात इ.स.पू. २५०० च्या सुमारास अनेक घरांत उतरती विटांची जमीन असलेली न्हाणीघरे होती व त्यांचे पाणी रस्त्यालगतच्या नाल्यांत सोडलेले असे. मात्र आधुनिक जलबंधाचा उगम अठराव्या शतकातील आहे. अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली ‘एस’ आकाराच्या नळाचा समावेश असलेल्या शौचपात्राचे एकस्व लंडनमध्ये घेतले.

एकोणिसाव्या शतकात रोग हे दूषित हवेतून म्हणजे दुर्गंधीतूनच पसरतात, असा समज सर्वमान्य होता. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या असह्य दुर्गंधीमुळे ब्रिटिश संसदेने तातडीने कायदा केला व जोसेफ बाझलजेट यांच्या देखरेखीखाली लंडनची भुयारी गटारे बांधली गेली. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात तिचे निदान केले. त्यानंतर शहरातील गटारे व मोऱ्या कार्बोलिक आम्लाने धुण्याची मोहीम हाती घेण्यात आली. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो, हे पॉल-लुई सिमोन यांनी १८९८ साली दाखवून दिल्यावर मोऱ्यांचा वास हे साथीचे कारण नव्हते, हे स्पष्ट झाले. दूषित हवेचा सिद्धान्त पुढे मागे पडला. परंतु त्याच्या प्रभावाखाली रूढ झालेले जलबंध व वायुनळ मात्र टिकले.

महाराष्ट्रातील न्हाणीघर

कोकणातील जुन्या घरांत न्हाणीघर मुख्य घराला लागून किंवा परसात असे. पाणी तांब्याच्या बंबात अथवा चुलीवरील हंड्यात तापवले जाई. दगडी न्हाणीतून वाहणारे पाणी उघड्या पन्हळीने परसातील केळी, अळू व माड यांच्या मुळाशी सोडले जाई. बंद नळ नसल्याने वायू साठून राहण्यास जागा नव्हती. ऊन व वारा यांमुळे जमीन वाळत असे. सांडपाणी व मैला यांचे मार्गही वेगळे होते. या व्यवस्थेत जलबंधाची गरज भासत नव्हती.

मुंबईच्या चाळींत न्हाणीघराची जागा खोलीच्या कोपऱ्यातील मोरीने घेतली. बुटक्या कठड्याने वेगळ्या केलेल्या या जागेत स्नान, कपडे व भांडी ही सर्व कामे होत. पुढे सदनिकांची पद्धत आल्यावर न्हाणीघर घराच्या मध्यभागी, बहुधा शौचालयाला जोडून आले आणि त्याची खिडकी इमारतीतील अरुंद चौकात उघडू लागली. ऊन आणि वारा यांनी पूर्वी केलेले काम आता ट्रॅप, वायुनळ व पंखा यांच्याकडे आले. ही साधने सदोष असली किंवा त्यांची निगा राखली नाही, तर दुर्गंधी निर्माण होते.

बांधकामातील दक्षता

नवे न्हाणीघर बांधताना जमिनीला जाळीच्या दिशेने दर मीटरला सुमारे १ ते २ सेंटीमीटर उतार देतात. उतार कमी पडल्यास कोपऱ्यांत पाणी साचते. जाळी व वाटी सहज काढता येतील अशा असाव्यात, कारण जो भाग उघडत नाही तो स्वच्छही होत नाही. लाद्या बसवण्यापूर्वी जमिनीत पाणी साठवून गळतीची चाचणी घेतात. सांडपाण्याच्या वायुनळाचे तोंड गच्चीच्या वर, खिडक्यांपासून दूर व जाळीने झाकलेले ठेवतात. कपडे धुण्याच्या यंत्रासाठी जलबंध असलेली स्वतंत्र जोडणी करतात. कमी वापरल्या जाणाऱ्या जाळीचा जलबंध सुकू नये म्हणून हात धुण्याच्या भांड्याचे पाणी तिच्याच ट्रॅपमधून नेण्याची पद्धतही प्रचलित आहे. त्यामुळे रोजच्या हात धुण्याने जलबंध आपोआप भरलेला राहतो.

हेही पाहा

• जलबंध
• सांडपाणी
• सेप्टिक टाकी
• हायड्रोजन सल्फाइड
• बुरशी
• अभ्यंगस्नान